विटेच्या नावाचा दगड

श्रोतेहो, नमस्कार. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या मंडळींना जांभा काय ते सांगायला नको. घर चिऱ्याचं (चिरा म्हणजे जांभ्याचा तासलेला ठोकळा), गडगा चिऱ्याचा, विहीरही चिऱ्यांनीच बांधलेली. भूगोलाच्या पुस्तकात याच दगडाला ‘लॅटेराइट’ म्हणतात. त्या नावाची ही हकिकत.

१७९९ साली टिपू सुलतान लढाईत पडला. हाती आलेला मुलूख कसा आहे, हे पाहायला गव्हर्नर जनरल वेलस्लीने कंपनीच्या चाकरीतल्या फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरला धाडलं. १८०० च्या अखेरीस तो मलबारात अंगाडिप्पुरमला पोचला. तिथे लोक दगड खणत होते. जमिनीत असेपर्यंत हा दगड इतका मऊ, की कुदळीने चौकोनी ठोकळा काढायचा आणि लगेच थापीने किंवा मोठ्या सुरीने हवा तसा तासायचा. वारा लागला की थोड्याच दिवसांत टणक! भारतात पाहिलेल्या कुठल्याही विटेपेक्षा हा हवापाणी जास्त सोसतो, असं बुकानन लिहितो. तिथल्या बोलीत नाव होतं ‘इटिका कल्लू’, विटेचा दगड. त्याने ते सरळ लॅटिनमध्ये नेलं. ‘लेटर’ म्हणजे वीट. १८०७ साली त्याचा प्रवासवृत्तान्त छापला गेला आणि नाव रूढ झालं.

विटेसारखा लाल म्हणून लॅटेराइट, असं पुष्कळांना वाटतं. बुकाननच्या डोळ्यांसमोर मात्र रंगापेक्षा गवंड्याचं काम होतं.

पुढे रसायनशास्त्र आलं. उष्ण प्रदेशातला मुसळधार पाऊस हजारो-लाखो वर्षं खडकातली सिलिका धुऊन नेतो, मागे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरतात. असं जे उरतं ते लॅटेराइट, ही व्याख्या झाली. मग कोकणच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या माळपठारावरचा, कातळही त्यात आला. त्या कातळावर सुरी चालवून बघा, धार जाईल! मला विचाराल तर जुनी व्याख्या जास्त प्रामाणिक होती, चिरेखाणीत उभं राहून पारखता येणारी.

नाव असं पसरट झाल्यावर मृदाशास्त्रज्ञांची अडचण झाली. ओल्या-सुक्याच्या फेऱ्यांत कायमचा टणक होणाऱ्या लोहयुक्त थराला अमेरिकन मृदाशास्त्रज्ञांनी वेगळं नाव दिलं: ‘प्लिंथाइट’. ‘प्लिंथॉस’ म्हणजे ग्रीकमध्ये वीटच. बुकाननचं स्मारक अंगाडिप्पुरमला आहे; केरळात गेलात तर जरूर पाहा.