एमएच लिहिलंत तर मार्शल आयलंड्स! आय-१३० मध्ये मुंबईचा पत्ता कसा भरायचा

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय फक्त पत्त्यावर.

नवरा किंवा बायको अमेरिकेत आहे, तुम्ही इथे मुंबईत आहात, आणि दोघं मिळून आय-१३० भरायला बसलाय, म्हणजे जोडीदाराला तिकडे नेण्यासाठी अमेरिकेतल्या माणसाने करायचा अर्ज. नाव झालं, जन्मतारीख झाली, आणि पत्त्यापाशी येऊन अडलं. कारण आपला पत्ता असा असतो:

[स्क्रीनवर: खोली नं. १४, पहिला मजला, लक्ष्मी निवास, खाडिलकर रोड, गणपतीच्या देवळामागे, गिरगाव, मुंबई ४०० ००४]

आणि फॉर्म विचारतोय स्ट्रीट नंबर. चाळीला नाव असतं, खोलीला नंबर असतो, पण रस्त्यावरचा नंबर कोणाला माहीत असतो?

भरायला घेण्याआधी एक लक्षात घ्या. हा पत्ता पोस्टमनसाठी नाही. यूएससीआयएसची, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची पत्रं जातात अर्ज करणाऱ्याकडे, म्हणजे तिकडच्या जोडीदाराकडे. केस मंजूर होऊन एनव्हीसीकडे, म्हणजे नॅशनल व्हिसा सेंटरकडे गेली की पुढचं सगळं ईमेलवर आणि ऑनलाइन लॉगिनमधून चालतं. मग पत्ता कशाला? ताडून बघायला. आय-१३०, त्याच्यासोबत तुमच्या माहितीचा आय-१३०ए, पुढे भरायचा डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, तुमचा पासपोर्ट, पोलीस क्लिअरन्स, मॅरेज सर्टिफिकेट, हे सगळं शेवटी बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये एकाच अधिकाऱ्यासमोर येतं. देऊळ पुढे की मागे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुम्ही खरंच तिथे राहत होता का, आणि सगळ्या कागदांवर तेच लिहिलंय का, एवढंच तो बघणार.

आता रकाने. स्ट्रीट नंबर अँड नेम या ओळीत इमारतीचं नाव, मजला आणि रस्ता लिहा: लक्ष्मी निवास, फर्स्ट फ्लोअर, खाडिलकर रोड. रस्त्यावरचा नंबर नसेल तर नसू द्या. कुठून तरी सीटीएस नंबर शोधून तिथे बसवू नका, तो जमिनीचा नंबर आहे. त्याच्या बाजूला अपार्टमेंट, स्वीट, फ्लोअर असे तीन चौकोन आहेत, त्यातला एकच निवडायचाय. अपार्टमेंटवर टिक करा आणि नंबर लिहा १४. खोली असली तरी चालतं. सोसायटीत बी विंग, २०४ असेल तर बी-२०४ लिहा, मध्ये स्लॅश नको. आपल्याला बी स्लॅश २०४ लिहायची सवय असते, पण ऑनलाइन फॉर्म पुष्कळदा स्लॅश घेत नाहीत, आणि मग एका कागदावर स्लॅश, दुसऱ्यावर डॅश, तिसऱ्यावर काहीच नाही असं होतं.

देवळामागे, शाळेसमोर, स्टेशनजवळ, हे सगळं काढा. मनाला पटत नाही, मान्य आहे, खुणेशिवाय आपल्याकडे घर सापडत नाही. पण ओळ छोटी आहे, आणि खूण लिहायच्या नादात रस्त्याचं नाव अर्धं तुटतं.

सिटीमध्ये फक्त मुंबई. गिरगाव लिहायचंच असेल तर वरच्या ओळीत, जागा उरली तर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्टेट आणि झिप कोड हे दोन रकाने रिकामे ठेवा. ते अमेरिकेतल्या पत्त्यांसाठी आहेत. आपली माणसं स्टेटच्या यादीत महाराष्ट्र शोधतात, एमएच दिसलं की बरं वाटतं आणि ते निवडतात. अहो, अमेरिकन टपालात एमएच म्हणजे मार्शल आयलंड्स! पॅसिफिक महासागरातला देश. गोवेकरांनी जीए निवडलं तर ते जातात जॉर्जियात. झिप कोड पाच आकडी आणि आपला पिन सहा आकडी, म्हणून शेवटचा आकडा खाली पडतो आणि ४०००० असा कुठलाच नसलेला पिन तयार होतो. महाराष्ट्र हे नाव पूर्ण, प्रोव्हिन्सच्या रकान्यात जातं. पिन जातो पोस्टल कोडमध्ये, सहाही आकडे सलग, मध्ये जागा न सोडता. कंट्री, इंडिया. झालं.

आता स्पेलिंग. मुलाखतीच्या वेळी जीव टांगणीला लागू नये असं वाटत असेल तर हे नीट ऐका. लक्ष्मीचं स्पेलिंग लाइट बिलावर एक्स घालून असतं, आधारवर के-एस-एच घालून. निवासला कुठे व्ही, कुठे डब्ल्यू. गिरगावच्या शेवटी कुठे ओ-एन, कुठे यू-एम. रस्त्यांची तीच गत. लॅमिंग्टन रोड म्हणायचं आणि पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग. पेडर रोड म्हणायचं आणि कागदावर डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग. यातलं काहीही चूक नाही. तुम्ही एक ठरवा. माझा सल्ला: पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जसं छापलंय तसं, तिथे अजून राहत असाल तर. मग मोबाइलमध्ये एक नोट करून ठेवा आणि प्रत्येक फॉर्ममध्ये तिथूनच कॉपी करा. अमेरिकेतल्या जोडीदारालाही तीच नोट पाठवा. आय-१३० तो भरतो, आय-१३०ए तुमच्या माहितीचा असतो, आणि फोनवर ऐकून लिहिलेला पत्ता हमखास वेगळा होतो.

जन्मस्थळ मात्र वेगळं. तिथे पासपोर्टवर बॉम्बे असेल तर बॉम्बेच लिहा, आणि आजच्या पत्त्यात मुंबई. शहराचं नाव १९९५ मध्ये बदललं हे त्यांना माहीत असतं. त्यांच्या केस नंबरच्या सुरुवातीला मुंबईसाठी अजून बीएमबी हीच अक्षरं असतात.

आय-१३० मध्येच आणखी एक रकाना आहे, जो बरेच जण सोडून देतात. जोडीदाराची लिपी रोमन नसेल तर नाव आणि पत्ता त्या लिपीत लिहा. म्हणजे आपल्यासाठी देवनागरीत. पीडीएफमध्ये देवनागरी धड टाइप होत नाही, चौकोन उमटतात. प्रिंट काढा आणि काळ्या शाईच्या पेनाने स्वच्छ अक्षरात लिहा.

आता खरा गुंता. फॉर्म विचारतो फिजिकल ॲड्रेस, म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष राहता ते घर. लग्न झालं, नवरा सुट्टी संपवून परत गेला, मुलगी काही दिवस सासरी आणि मग माहेरी. आधारवर सासरचा पत्ता आलेला, कारण घाईघाईत तो बदलून घेतला. पण झोपतेय डोंबिवलीला आईकडे. मग पत्ता कुठला? डोंबिवलीचा. सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून सासरचा लिहू नका.

याचं कारण सांगते. व्हिसासाठी पासपोर्ट सेवेतून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी काढावं लागतं. त्यात पोलीस पडताळणी लागली तर ती तुम्ही दिलेल्या पत्त्याच्या पोलीस ठाण्याकडे जाते. अमेरिकेतून कोणी तुमचं दार वाजवायला येत नाही, पण हवालदार येऊ शकतो. तो जिन्यात शेजारच्या काकूंना विचारतो, त्या मोकळेपणाने सांगतात, "ती होय? ती गणपतीला येते, एरवी आईकडेच असते." काकू खरं बोलल्या, आणि तुमचा अहवाल अडकला.

पत्त्यांचा इतिहासही लागतो. आय-१३०ए मध्ये मागच्या ५ वर्षांचे सगळे पत्ते, आताचा आधी आणि मग मागे मागे. डीएस-२६० तर वयाच्या १६ व्या वर्षापासूनचे विचारतो. पुण्याचं हॉस्टेल, बंगळूरचं पीजी, सगळं. तारखांमध्ये भोक ठेवू नका. आणि आय-१३०, आय-१३०ए मध्ये तारीख आधी महिना, मग दिवस. ०५/०८ म्हणजे ८ मे, ५ ऑगस्ट नाही.

मुंबईकरांची खास अडचण इथेच येते: रिडेव्हलपमेंट. जुनी इमारत पाडली, तुम्ही बिल्डरच्या भाड्यावर दुसरीकडे राहिलात किंवा म्हाडाच्या संक्रमण शिबिरात, आणि आता त्याच जागेवर टॉवर, त्याला नवीन नाव. पासपोर्टवर मात्र अजून जुनी चाळ. हे तीन पत्ते आहेत. तीन लिहा, प्रत्येकाच्या तारखा वेगळ्या. भाड्याच्या घराचे लीव्ह अँड लायसन्सचे करारनामे फेकू नका, तारखा त्यातूनच मिळतात. मग फॉर्मच्या शेवटी ॲडिशनल इन्फर्मेशनचा भाग आहे, तिथे पान, भाग आणि प्रश्नाचा क्रमांक देऊन दोन ओळी लिहा: जुनी इमारत पुनर्विकासासाठी पाडली, नव्या इमारतीचं नाव हे, जागा तीच. तुटलेले लांब पत्तेही तिथेच पूर्ण लिहायचे.

गावचा पत्ता असेल, मुक्काम पोस्ट अमुक, तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी, तर पहिल्या ओळीत ग्रामपंचायतीचा घर क्रमांक आणि वाडी, सिटी ऑर टाऊनमध्ये गाव. तालुका-जिल्हा पहिल्या ओळीत मावला तर ठीक, नाही तर ॲडिशनल इन्फर्मेशनमध्ये. वसई-विरार, पालघरवाल्यांनो, तुमचा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या कागदांवर ठाणे दिसणारच. घाबरू नका.

आखातात राहून आलेल्यांना पीओ बॉक्स लिहायची सवय असते. तो टपालाचा पत्ता झाला, राहण्याचा नाही. इमारत, भाग, शहर लिहा, प्रोव्हिन्समध्ये अमिरात. दुबईत पिन कोडच नाही, तिथे आपल्या मनाने शून्यं भरू नका. आणि वयाच्या १६ व्या वर्षानंतर त्या देशात वर्षभर किंवा जास्त राहिला असाल तर साधारणपणे तिथलंही पोलीस सर्टिफिकेट मागतात. काहींना वाटतं, तो पत्ता लिहिलाच नाही तर सर्टिफिकेट चुकेल. पासपोर्टवर शिक्के आणि व्हिसा आहेत. लपवलेला पत्ता हा चुकलेल्या स्पेलिंगपेक्षा कितीतरी मोठा प्रश्न होतो, कृपा करून असं करू नका.

आणि तुम्ही दोघं एका छताखाली राहिलाच नसाल, तर शेवटच्या एकत्र पत्त्याच्या जागी काय लिहायचं हे फॉर्मच सांगतो: नेव्हर लिव्ह्ड टुगेदर. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

डीएस-२६० एकदा सबमिट केला की कुलूप लागतं. नंतर चूक दिसली तर एनव्हीसीला किंवा कॉन्सुलेटला सांगून उघडून घ्यावा लागतो, नाही तर मुलाखतीला स्वतःहून दाखवायची. म्हणून सबमिट करायच्या आधी प्रिंट काढा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पासपोर्ट हातात घेऊन वाचायला लावा. फॉर्म यूएससीआयएसच्या साइटवरून त्याच दिवशी उतरवून घ्या, जुन्या आवृत्तीवर भरलेला अर्ज ते परत पाठवतात.

तुमचा पत्ता यातल्या कशातच बसत नसेल तर कमेंटमध्ये लिहा. फक्त प्रकार सांगा: चाळ, कोळीवाडा, एसआरए, बोट, काय असेल ते. घर नंबर आणि केस नंबर तिथे टाकू नका, कमेंट सगळेच वाचतात.