शिकले डॉक्टर, रुग्णाचं काय?

(दृश्य : न्यूझीलंड, जुनी छायाचित्रं)

१९८८. माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी समाजातल्या परिचारिकांच्या मेळाव्यात एक शिकाऊ मुलगी विचारते, कायद्याची सुरक्षितता शिकवता, नीतीची शिकवता. मग आमच्या संस्कृतीच्या सुरक्षिततेचं काय?

इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी परिचारिकेनं तो प्रश्न धसास लावला. १९९२मध्ये तिथल्या नर्सिंग कौन्सिलनं 'सांस्कृतिक सुरक्षितता' हा विषय परिचारिकांच्या शिक्षणात आणला. इतरांचे सणवार, चालीरीती पाठ करणं रॅम्सडेन यांना नको होतं. परिचारिकेनं स्वतःचे पूर्वग्रह आणि हातातली सत्ता तपासायची. आणि सेवा सुरक्षित होती की नाही, हे ठरवणार रुग्ण.

(दृश्य : दवाखान्याचा बोळ, रक्तदाब मोजताना हात)

मग रुग्ण बरे होतात का?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये मधुमेहाच्या साडेसात हजारांवर रुग्णांवर एक चाचणी झाली; निष्कर्ष २०१०मध्ये आले. १२४ डॉक्टर आणि इतर उपचारकांचे गट पाडले. एका गटाला 'सांस्कृतिक क्षमते'चं, म्हणजे वेगळ्या संस्कृतीतल्या रुग्णांना समजून घेण्याचं, प्रशिक्षण मिळालं. हा रॅम्सडेन यांच्या कल्पनेचा सौम्य चुलतभाऊ म्हणा. शिवाय स्वतःच्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय रुग्णांची तुलना दाखवणारे अहवालही मिळाले. वर्षभरानं या गटातले जास्त जण मान्य करू लागले, की आमच्या दवाखान्यांत भेद आहे. पण कृष्णवर्णीय रुग्णांची साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब? प्रशिक्षण न मिळालेल्यांच्या रुग्णांइतकेच.

यात नवल नाही. साखर आटोक्यात यायला औषध परवडावं लागतं, तपासायला वेळ मिळावा लागतो, रुग्णानं पुन्हा यावं लागतं. वर्गात बसून यातलं काय बदलणार?

वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१४च्या आढाव्याला अशा प्रशिक्षणाच्या जेमतेम ५ चाचण्या सापडल्या, त्यांतला पुरावाही कच्चा. म्हणजे प्रशिक्षण निरुपयोगी ठरलं असं नाही. पण 'रुग्ण सुधारतात' असं छातीठोक सांगण्याइतकं हाती काही नव्हतं.

(दृश्य : प्रशिक्षणवर्ग, प्रश्नपत्रिका)

बहुतेक ठिकाणी मोजमाप इथंच थांबतं. तास भरले, पेपर सोडवला, प्रमाणपत्र मिळालं. उत्तरं कर्मचाऱ्यांची, ज्याचा निकाल धरायचा, तो रुग्ण बाहेरच.

ऑस्ट्रेलियात मात्र एक वेगळा आकडा पाहतात : ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरच्या, म्हणजे देशाच्या मूळ रहिवासी समाजांतले किती रुग्ण डॉक्टरांचा सल्ला डावलून, उपचार अर्धवट टाकून रुग्णालयातून निघून गेले. पूर्वी याला रुग्णाचा हट्ट म्हणून सोडून दिलं जाई. आता तो रुग्णालयाच्या वागणुकीचा निर्देशांक मानला जातो.