न हलणारा अडथळा

हा लाकडी अडथळा जवळून बघा. उंची 91.4 सेंटीमीटर. वरची कड जेमतेम पाऊल टेकेल एवढी, 12.7 सेंटीमीटर. हर्डल्समधला अडथळा पाय लागला की कलंडतो. चुकून पाडला म्हणून कुणी बादही होत नाही. हा मात्र जागचा हलत नाही. वजनच 80 ते 100 किलो. गुडघा आपटलाच, तर जे काही व्हायचं ते गुडघ्याचं होतं.

ही 3000 मीटर स्टीपलचेस, अडथळे ओलांडत धावायची शर्यत. असे अडथळे 28 वेळा, आणि वर 7 वेळा पाणी.

आपल्याकडे रस्त्यातल्या खड्ड्यांपासून घराच्या परवान्यापर्यंत कशालाही 'अडथळ्यांची शर्यत' म्हणतात. मथळा झकास दिसतो. पण त्यात शर्यत कुठे असते? तिथे माणूस रांगेत उभा राहतो, 'उद्या या' ऐकून घरी जातो. इथे उभं राहायची सोयच नाही.

पाण्याचा खड्डा 3.66 मीटर लांब. अडथळ्याच्या पायथ्याशी सगळ्यात खोल, पुढे उथळ होत जाणारा. म्हणून धावणारा अडथळ्यावरच पाय देतो आणि त्यालाच रेटून लांब झेपावतो. जेवढं लांब पडाल, तेवढं पाणी कमी. तरी बूट भिजतातच, आणि पुढची फेरी त्याच बुटांत.

ही शर्यत धावणारा अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा, मांडव्याचा. आईवडील शेतात आणि वीटभट्टीवर राबायचे. शाळा सहा किलोमीटर. कधी चालत, कधी पळत. ही गोष्ट आपण फार गोड करून सांगतो. दारात एसटी येत असती, तर पोरगं बसून गेलं असतं. बारावीनंतर फौज, महार रेजिमेंट, सियाचीनची ड्युटी. स्टीपलचेस त्याला फौजेतच भेटली. 2018 मध्ये भुवनेश्वरला त्यानं गोपाल सैनींचा 37 वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला.

बर्मिंगहॅम, 2022. राष्ट्रकुल स्पर्धेत 1998 पासून 2018 पर्यंत या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाचीच. या वेळी पहिला केनियाचा अब्राहम किबिवोट, 8 मिनिटं 11.15 सेकंद. अविनाश, 8 मिनिटं 11.20. रौप्य!

जुलै 2025, मोनॅको. पाण्याच्या अडथळ्यापाशी अविनाश पडला. गुडघ्याचा लिगामेंट फाटला, शस्त्रक्रिया करावी लागली.

शर्यत पुढे निघून गेली. अडथळा होता तिथेच, ओला.