आधी पाणी, मग चहा

(पहाट. ओट्याच्या कोपऱ्यात माठ, माठाला ओलं फडकं.)

हा आमच्या घरचा माठ. आत वाळ्याची जुडी सोडलीय. अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो ना, तेव्हा घरात फ्रीजपेक्षा याचाच मान जास्त असतो. आणि एवढा भरलेला माठ घरात असूनसुद्धा याच घरातल्या एकाला मुतखडा झाला. तो एकजण म्हणजे मीच.

६ मिलिमीटरचा. ऐकायला काहीच नाही, पण रात्री अडीचला कमरेतून जी कळ निघाली ती थेट जांघेत, बसवेना, झोपवेना, नुसता येरझारा घालत होतो. डॉक्टरांनी सोनोग्राफी बघितली आणि विचारलं, दिवसाला पाणी किती पिता? म्हटलं, भरपूर. भरपूर म्हणजे किती? झालं, तिथेच गाडी अडली.

पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, मग त्यातलं कॅल्शियम आणि ऑक्झलेट एकमेकांना धरून बसतं, पाक जास्त आटला की कढईच्या कडेला साखर धरते तसंच. मुतखडेवाल्यांसाठी हिशोब असा की दिवसाला अडीच लिटरच्या आसपास लघवी झाली पाहिजे, म्हणजे प्यायचं त्याहून जास्त, आणि उन्हात फिरणं असेल तर अजून. हा हिशोब माझ्यासारख्यांचा हां, किडनीचा किंवा हार्टचा त्रास असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांनाच विचारायचं.

आणि ते रोज आठ ग्लास पाणी प्या म्हणतात, ते? १९४५ साली अमेरिकेतल्या आहाराच्या एका शिफारशीत अडीच लिटरचा आकडा होता, पण तिथेच पुढे लिहिलेलं की यातलं बरंचसं पाणी जेवणातूनच मिळतं. ते वाक्य कुणी वाचलंच नाही बहुतेक. आपलं वरण, ताक, टरबूज, सगळं त्यात आलं की. त्यापेक्षा लघवीचा रंग बघा, फिका लिंबू सरबतासारखा असेल तर ठीक, गडद पिवळा दिसला तर पाणी कमी पडतंय. फक्त बी कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर रंगावर जाऊ नका, उगाच घाबराल.

(टेबलावर वाजणारा मोबाईल. शेजारी वेळा छापलेली बाटली, रिकामी.)

मग मी ॲप टाकलं. दर तासाला टुंग. पहिल्या दिवशी उत्साहात आठ वेळा प्यायलो, दुसऱ्या दिवशी मीटिंगमधे वाजलं, तिसऱ्या दिवशी म्यूट. बाटली पण आणली, नऊ वाजता इथपर्यंत, अकराला इथपर्यंत अशा रेघा असलेली, आता तिच्यात मनी प्लँट आहे.

(आई चहा ठेवते. शेजारी तांब्या, त्यावर उपडं फुलपात्र.)

आणि ही आई. हिला ॲप माहीत नाही. पण गॅसवर आधण ठेवलं की ते उकळेपर्यंत एक फुलपात्र पाणी, हे हिचं ठरलेलं, वर्षानुवर्षं. मला म्हणाली, पाहुण्याला आधी पाणी देतोस ना, मग चहा? मग स्वतःला का देत नाहीस?

मी दिवसाला पाच चहा घेतो, म्हणजे काही न करता पाच फुलपात्रं झाली की! सवय कशी लागते यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधे ९६ जणांवर अभ्यास झाला होता, २००९ मधे तो प्रसिद्ध झाला. रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला एक नवीन गोष्ट जोडायची, कुणी जेवणाबरोबर पाण्याची बाटली जोडली होती. अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही, हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण माझे बरेच चुकले होते.

(भाजीबाजार, दुपार. मेथीवर ओलं गोणपाट.)

आता या मावशी. सकाळी सहाला येऊन बसतात, दुपारी तीनपर्यंत. मेथीवर दर अर्ध्या तासाला पाणी शिंपडतात. स्वतःची अर्ध्या लिटरची बाटली मात्र दोन वाजले तरी निम्मी भरलेलीच. मी माझा चहावाला फॉर्म्युला अगदी रंगवून सांगितला. त्यांनी ऐकून घेतला, हसल्या.

"पाणी पेलं तर मंग जायचं कुठं भाऊ?"

बाजारात बायकांसाठी एक संडास आहे, त्याला कुलूप. उन्हाळ्यात लघवीला जळजळ होते, दरवर्षी होते, गोळ्या घेतात. म्हणजे सवय यांनाही लागलीय, न पिण्याची, आणि तीही अशीच रोज थोडी थोडी करून लागलीय.

(तीन वाजून गेलेत. मावशींचं घर, बाहेरून.)

टोपली ओसरीवर टेकवली. चपला तशाच. आधी बाथरूम, मग माठ. उभ्यानेच दोन ग्लास, तिसरा जरा सावकाश.