रोज कॅथेटर घालताना मूत्रमार्ग कसा जपायचा?

नमस्कार. ज्यांना दिवसातून चार-सहा वेळा स्वतः कॅथेटर घालून लघवी काढावी लागते, त्यांच्यासाठी आजचा व्हिडिओ आहे. मणक्याला मार लागलेले, स्पायना बायफिडा म्हणजे जन्मतःच मणका नीट न जुळलेली मुलं, मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराचे रुग्ण, मधुमेहामुळे मूत्राशयाच्या नसा कमजोर झालेले, असे बरेच जण यात येतात. घरातल्या कुणासाठी हे तुम्ही करत असाल, तर तुम्हीसुद्धा शेवटपर्यंत बघा.

कॅथेटर म्हटलं की सगळी चर्चा इन्फेक्शनवर येऊन थांबते. ती गरजेची आहेच. पण ज्या वाटेने ती नळी जाते, त्या वाटेकडे फार कमी लक्ष दिलं जातं आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. जरा हिशोब करा. दिवसाला पाच वेळा म्हणजे वर्षाला अठराशेहून जास्त वेळा. आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा, म्हणजे छत्तीसशेच्या वर घासणं. आणि कशावर? ओठाच्या आतल्या बाजूसारख्या मऊ, ओलसर, नाजूक अस्तरावर. ते सोललं, की भरून येताना तिथे व्रण धरतो. व्रण आकसतो आणि मार्ग अरुंद होतो. डॉक्टर त्याला स्ट्रिक्चर म्हणतात. एकदा झालं की पुन्हा पुन्हा त्रास देतं.

आता एक गैरसमज. "मूत्रमार्गाला त्रास नको, म्हणून मी दोनदाच कॅथेटर घालतो," असं बरेच जण करतात. कृपा करून असं करू नका. मूत्राशय फार ताणलं गेलं की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो, जंतूंना फावतं आणि दाब मागे किडनीपर्यंत जाऊ शकतो. १९७२ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या जॅक लॅपिडीस या युरोलॉजिस्टने हेच मांडलं होतं: नळी पूर्ण निर्जंतुक नसली, नुसती स्वच्छ असली तरी चालेल, पण मूत्राशय वेळेवर रिकामं व्हायलाच हवं. मोठ्या माणसाचं साधारण गणित असं, की एका वेळी चारशे-पाचशे मिलीलीटरच्या वर लघवी साठू द्यायची नाही. तेव्हा वेळा कमी करायच्या नाहीत, घासणं कमी करायचं.

त्यात पहिली गोष्ट जेली. साधी, कोटिंग नसलेली नळी असेल तर पाण्यात विरघळणारी जेलीच हवी. तेल नको, व्हॅसलिन नको. पुरुषांनी नुसती टोकाला जेली लावून भागत नाही, कारण ती तोंडाशीच पुसली जाते आणि पुढचा सगळा प्रवास कोरडा होतो. पुरुषाचा मूत्रमार्ग अठरा-वीस सेंटीमीटर लांब असतो. म्हणून शक्य असेल तर सुई नसलेल्या सिरिंजने जेली थेट मार्गात सोडायची. हायड्रोफिलिक, म्हणजे पाणी लागलं की निसरडं होणाऱ्या कोटिंगची नळी वापरत असाल तर वेगळी जेली लावायची नाही. ती पाकिटावर लिहिल्याप्रमाणे ओली करायची आणि लगेच घालायची. उघडी ठेवली तर कोटिंग सुकतं आणि अस्तराला चिकटतं. धुऊन पुन्हा वापरायची तर नाहीच, कारण कोटिंग निघून गेलेलं असतं.

नळीची जाडी डॉक्टरांना विचारूनच ठरवा. बारा नंबर म्हणजे चार मिलीमीटर जाडी. जाड नळी जास्त घासते, फार बारीक नळी आत दुमडते.

आता सगळ्यात महत्त्वाचा क्षण. पुरुषांनी लिंग पोटाच्या दिशेने वर, हलकं ताणून धरायचं, म्हणजे मार्गातलं पुढचं वळण सरळ होतं. नळी सरकत जाते आणि एका ठिकाणी अडते. हा लघवी रोखून धरणारा तुमचा स्नायू, स्फिंक्टर. तो आवळलेला असतो. इथेच लोक घाबरतात आणि जोर लावतात, आणि इथेच नळीचं टोक अस्तर फाडून भलतीकडे शिरू शकतं. जोर अजिबात नाही. नळी आहे तिथेच धरा. खोल श्वास घ्या, हळू सोडा. थोडं खोका. लघवी करतोय अशा बेताने अंग सैल सोडा. अगदी हलका, एकसारखा दाब ठेवला की स्नायू सैल पडतो आणि नळी आपली आपण पुढे जाते. नाहीच गेली, तर बाहेर काढा आणि थोड्या वेळाने नवी नळी घ्या. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढलेलं असेल तर वाकड्या टोकाची नळी मिळते. ते टोक वरच्या बाजूला ठेवायचं असतं, पण आधी ते नीट शिकून घ्या.

बायकांचा मार्ग चारेक सेंटीमीटरचाच, त्यामुळे तिथे अडचण छिद्र सापडण्याची असते. सुरुवातीला आरसा ठेवा. नळी चुकून योनीत गेली तर ती तिथेच राहू द्या, म्हणजे पुन्हा तिकडे जायचं नाही हे कळतं, आणि दुसरी स्वच्छ नळी घ्या.

बाहेर काढण्याकडे तर कुणी बघतच नाही! नळीच्या टोकाला बाजूने छिद्रं असतात. मूत्राशय रिकामं होत आलं की आतलं अस्तर त्या छिद्रांत ओढलं जाऊ शकतं. काढताना किंचित ओढ जाणवली तर झटका देऊ नका. नळी थोडी आत सरकवा, हलकेच फिरवा आणि मग काढा. धार थांबली की एक-दोन सेंटीमीटर मागे घेऊन थांबा, बरेचदा आणखी लघवी येते. पुरुषांनी शेवटी पुढची कातडी आठवणीने पुन्हा पुढे आणायची, नाहीतर ती मागेच अडकून सूज येते.

ज्यांना त्या भागात संवेदना नाही, त्यांच्यासाठी मी हे मुद्दाम सांगतेय. तुम्हाला दुखणार नाही, म्हणून नळीच्या टोकाकडे दर वेळी बघा. सुरुवातीच्या दिवसांत रक्ताचा पुसटसा डाग दिसू शकतो. पण रोज रक्त, गाठी, ताप, किंवा नळी आतच न जाणं, यात वाट बघत थांबायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेजवळ मणक्याला इजा असेल आणि अचानक डोकं ठणकून घाम फुटला, तर उठून बसा, मूत्राशय लगेच रिकामं करा आणि तातडीने मदत घ्या.

आणि पूर्वी सहज जाणारी नळी हल्ली नेमकी एकाच जागी अडत असेल, तर स्वतःच्या मनाने बारीक नंबर घेऊ नका. युरोलॉजिस्टकडे जाताना तुमची नळी आणि जेली सोबत न्या, आणि रोज कशी घालता ते त्यांच्यासमोर करून दाखवा.