गोडोलीतील वुशूचा वर्ग

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, गोडोली परिसरातील हे सभागृह लग्नसराईत वऱ्हाडी मंडळींनी गजबजलेले असते. एरवी संध्याकाळी तेथे वुशू हा चिनी युद्धकलेचा प्रकार शिकवला जातो. मुले भिंतीकडेला चपला लावतात, रबरी मॅट अंथरतात, आणि डाव्या तळहातावर उजवी मूठ टेकवून प्रशिक्षकांना वंदन करतात. त्यांना सोडायला आलेले पालक पूर्वी बाहेर गाडीवरच तासभर बसून राहत. साताऱ्याच्या पावसाने त्यांना आत यायला लावले आणि आत आल्यावर नुसते बसून राहू नका, असा आग्रह प्रशिक्षकांनी धरला. वर्ग वाढला तो तेव्हापासून.

वुशूचे दोन मुख्य विभाग आहेत. ताओलूमध्ये ठरलेल्या हालचालींची सलग मालिका रिकाम्या हाताने किंवा तलवार, भाला, लाठी घेऊन सादर करायची असते. सांदामध्ये प्रतिस्पर्ध्याशी प्रत्यक्ष लढत होते. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडा स्पर्धांपासून वुशूला त्या स्पर्धांत स्थान आहे. मणिपूरच्या रोशिबिना देवी हिने २०२३ मध्ये हांगझोऊ येथे ६० किलो वजनी गटात सांदाचे रौप्यपदक जिंकले. या वर्गातील मुलींना तिचे नाव तोंडपाठ आहे.

लहान मुलांना मात्र येथे लढतीला उभे केले जात नाही, आणि ते योग्यच आहे. त्यांची सुरुवात ‘मा बू’ने, म्हणजे घोड्यावर मांड ठोकल्यासारख्या स्थितीने होते. पाय खांद्यांपेक्षा रुंद, पावले समोर, पाठ ताठ आणि मांड्या शक्य तितक्या जमिनीला समांतर. ‘यी, अर, सान, स’ असे चिनी आकडे मोजत मुले थांबतात. दहाच्या आत मांड्या थरथरू लागतात आणि कोणीतरी हळूच गुडघे सरळ करते. त्याच रांगेच्या टोकाला एक आजी खुर्चीच्या पाठीला धरून तीच मांड जरा उंच घेतात. “आजी, गुडघे आत वळू देऊ नका,” एवढेच प्रशिक्षक सांगतात. स्थिती सर्वांना एकच, पण किती खाली जायचे हे ज्याच्या त्याच्या शरीराने ठरवायचे. त्यामुळेच नातू, आई आणि आजी एका रांगेत उभ्या राहू शकतात.

ज्येष्ठांसाठी सकाळी ताईची या संथ हालचालींच्या चिनी युद्धकलेचा सराव असतो. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने सामान्य नागरिकांसाठी तयार केलेला चोवीस हालचालींचा क्रम येथे शिकवला जातो. घराण्यांच्या बंद दारांआडची युद्धकला सर्वांसाठी खुली करण्याचा प्रयत्न त्याही आधी झाला होता. १९१० मध्ये शांघायमध्ये स्थापन झालेल्या जिंगवू संस्थेने अनेक शैली एका छताखाली आणल्या आणि स्त्रियांनाही प्रवेश दिला.

साताऱ्याला हे सारे परके वाटले नाही, याचे कारण येथील तालमींत आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव याच जिल्ह्यातील, कराडजवळच्या गोळेश्वरचे. सांदामध्ये प्रतिस्पर्ध्याची लाथ हातात पकडून त्याला खाली पाडता येते. ते पाहताच, तारुण्यात तालमीत घाम गाळलेल्या एका वडिलांनी मोठ्या मुलांना एकेरी पट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा एक पाय धरून त्याला पाडण्याचा कुस्तीतील डाव, कसा काढतात हे मॅटवर उतरून दाखवले. तेव्हापासून पाडण्याचे डाव आणि पडताना मान कशी सांभाळायची, हे तेच शिकवतात. त्यांची मुलगी लहान गटाकडून ‘मा बू’चा सराव करून घेते. तिला सगळे ‘ताई’ म्हणतात आणि तिच्यासमोर कोणी गुडघे सरळ करत नाही.

लग्नाच्या मुहूर्तांना सभागृह मिळत नाही, तेव्हा वर्ग उघड्या मैदानावर भरतो आणि उड्यांचा सराव थांबवावा लागतो. कायमची जागा शोधणे चालू आहे. नव्या मॅटसाठी पालकांनी आपापसांत वर्गणी काढली असून, त्या आल्या की नावे नोंदवून थांबलेल्या मुलांची तुकडी सुरू होईल.