सुकटीचे डबे

श्रोतेहो, नमस्कार.

गेली काही वर्षं मी ठाण्यातल्या आंतरशालेय निबंध स्पर्धांचे कागद तपासते. एका वर्षी विषय होता ‘पाऊस’. साठेक निबंध आले होते. बहुतेकांत तोच मोर नाचत होता, तेच काळे ढग दाटून येत होते, तोच बळीराजा सुखावत होता. मुलांना मी दोष देत नाही. तसं लिहिलं की मार्क मिळतात, हे आम्हा मोठ्यांनीच त्यांना शिकवलंय.

मग एक कागद हाती आला. पहिलंच वाक्य होतं, ‘पाऊस लागला की माझी आजी एक दिवसाआड सुकटीचे डबे उघडून वास घेते.’

मुलगी चेंदणी कोळीवाड्यातली, सातवीतली. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक मासळी, आणि सुके बोंबील यांवर घर कसं चालतं, डब्याला दमट वास आला की आजी का गप्प होते, हे तिनं दीड पानात लिहिलं होतं. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या. मोर नव्हता.

हाच निबंध तिनं वर्गात लिहिला असता का? मला नाही वाटत. वर्गातल्या बाईंना सगळं ठाऊक असतं, निदान मुलांना तसं वाटतं. स्पर्धेत मात्र वाचणारं माणूस अनोळखी. त्याला सुकट म्हणजे काय, ती खराब होते म्हणजे नेमकं काय होतं, हे सांगावंच लागतं. आपल्या घरातली गोष्ट परक्या माणसाला कळेल अशी मांडायची, हे कसब मुलाला पुढे अर्ज लिहिताना लागतं, तक्रार करताना लागतं, मन मोकळं करतानाही लागतं. बक्षीस, प्रशस्तिपत्र, शाळेच्या फलकावर नाव, यानं मूल खूश होतं आणि व्हावंही. पण स्पर्धेचं खरं देणं हे कसब आहे, असं मला मनापासून वाटतं.

शब्दमर्यादेचंही तसंच. टपाल खात्याची ‘ढाई आखर’ ही पत्रलेखन स्पर्धा आहे. तिथं पत्र हातानंच लिहायचं, अंतर्देशीय पत्रावर ५०० शब्दांत. जागा संपत आली की मूल स्वतःच ठरवतं, कुठलं वाक्य ठेवायचं आणि कुठलं काढायचं. आपलंच आवडतं वाक्य खोडताना त्याचा चेहरा बघा कधी! जागतिक टपाल संघटनेची, ९ ते १५ वर्षांच्या मुलांसाठीची पत्रलेखन स्पर्धा तर १९७१ पासून चालू आहे.

आईबाबांनो, एक कळकळीची विनंती. निबंध तुम्ही लिहून देऊ नका. परीक्षकाला तो दुसऱ्या ओळीतच ओळखू येतो, आणि मुलाला तर आधीपासून माहीत असतं की हे आपलं नाही. त्यापेक्षा शेजारी बसून विचारा, ‘मग आजी काय म्हणाली?’ एवढं पुरतं. आणि वाचायला हवं असेल तर तयार निबंधांचं गाइड आणू नका, ग्रंथालयात न्या. आपल्या ठाण्यात १८९३ साली स्थापन झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. अजून काय हवं?

आयोजकांशीही बोलायचंय. तीन नंबर जाहीर होतात आणि बाकीचे कागद रद्दीत जातात. त्या पन्नास-पंचावन्न मुलांना कळतच नाही की आपलं कोणी वाचलं का. ते कागद परत द्या. खाली परीक्षकानं दोन ओळी लिहिलेल्या असू द्या, त्याही ‘छान प्रयत्न’ अशा नकोत. कुठलं वाक्य आवडलं आणि कुठं कळलं नाही, ते लिहा. वेळ जातो, मला माहीत आहे. मी रात्री जागून करते.

त्या मुलीचा नंबर आला नाही. आम्ही तिघं परीक्षक होतो, बेरीज कमी पडली. कागद परत मिळाल्यावर ती मला शोधत आली आणि म्हणाली, “बाई, पहिल्या वाक्याखाली तुम्ही रेघ मारलीय. तिथं काय चुकलं?”

“काही नाही गं. ते वाक्य मला फार आवडलं, म्हणून मारली.”

ती कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आजीला वाचून दाखवते,” आणि पळाली.